दोन कुलपांची गिरणी

आमचे मालक आरशात बघायचे ते स्वतःला बघायला नव्हे, आपल्या मागे कोण उभं आहे ते बघायला. कर्जतला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू म्हणून राहायला गेले, त्या पहिल्याच सकाळी हे मी पाहिलं. मागच्या पडवीतल्या खुंटीला आरसा टांगलेला, मालक दाढी करताहेत, आणि नजर सगळी खांद्यावरून मागे, माझ्या दाराकडे. मी भांडी विसळायला बाहेर आले तसा वस्तरा गालावरच थांबला.

"बाई, तुमी सातारच्या ना? मग सातारला शाळा नायत का?"

मी म्हटलं, आहेत की, पण मला नोकरी इथल्या शाळेत लागली. त्यावर ते 'बरं' म्हणाले. पण ते 'बरं' असं होतं की साताऱ्यात आपणच काहीतरी भानगड करून आलोय की काय, असं मलाच वाटायला लागलं. पुढे कितीतरी वर्षं त्या घरात राहिले, पण माझं कर्जतला येणं त्यांना शेवटपर्यंत पटलं असेल असं मला वाटत नाही.

संशय घ्यायला त्यांना कोणीही चालत असे. दूधवाल्याला म्हैस दारात आणायला लावत, समोर बसून दूध काढून घेत, आणि तरीही आधी भांडं उपडं करून झटकून बघत. दिवाळीत शेजारून फराळाचं ताट आलं की पहिली करंजी मांजराला. ते मांजर एवढं माजलं होतं की चकलीकडे ढुंकून बघत नसे. वर्तमानपत्र आलं की मालक मला ते मोठ्यानं वाचायला लावत, आणि मी शाळेत गेले की तीच बातमी आपल्या गिरणीतल्या मिस्त्रीकडून परत वाचून घेत, बाईंनी मधलं काही गाळलं नाही ना म्हणून. स्वतःला उत्तम वाचता येत होतं. पण डोळे आता म्हातारे झालेत, काय सांगावं काय दाखवतील, असं म्हणायचे.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, फार सोशिक बाई. त्या सांगत, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा यांनी पहिला शब्द काढला तो माझ्या मामाला, 'हीच ना?' म्हणून.

त्यांचं एक पालुपद होतं आणि ते कर्जतच्या माणसालाच सुचावं. पुण्याची गाडी घाट चढायच्या आधी आमच्या स्टेशनात थांबते आणि तिला मागून जादा इंजिनं लावतात. डब्यात बसलेल्या माणसाला पुढचं इंजिन ठाऊक असतं, ढकलणारं मागचं त्याच्या गावीही नसतं. मालकांनी लहानपणापासून हा खेळ बघितलेला. त्यामुळे गावात सभा होवो, देवळाची वर्गणी निघो, कोणाच्या मुलीला स्थळ येवो, मालक एकच विचारणार, "पुडचं दिसतंय रं. मागचं इंजान कुनाचं?"

अशा या माणसाची भागी होती, तीही जन्मभराची. भातगिरणी होती नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला, आणि भागीदार होते शेठ. शेठ गुजराती. आजोबा कधीतरी सुरतेकडून आले आणि इथलेच झाले. शेठचं बाजारात किराणा दुकान होतं. घरात गुजराती बोलत, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की आमी, तुमी, हाय, नाय. डोळे मिटून ऐकलं तर दोघांतले मालक कोणते आणि शेठ कोणते ते सांगता येत नसे. संशयाच्या बाबतीत तर दोघं सख्खे भाऊ शोभले असते.

गिरणीच्या दाराला दोन कुलपं होती. एक मालकांचं, एक शेठचं. किल्ली ज्याची त्याच्या कनवटीला. दोघं आल्याशिवाय गिरणी उघडत नसे. हंगामात भाताच्या गाड्या दाराशी खोळंबत, गाडीवान तोंडातल्या तोंडात शिव्या घालत, पण किल्ली कोणाच्या हाती पाठवायची म्हणून नाही. एकदा शेठना ऐन हंगामात हिवताप भरला. तेव्हा मालकांनी माणसं पाठवून त्यांना खाटेसकट गिरणीच्या दाराशी आणवलं, त्यांच्याच थरथरत्या हातानं कुलूप काढून घेतलं आणि खाट घरी परत पाठवली. संध्याकाळी कुलूप लावायला खाट पुन्हा आली. शेठची याला काही हरकत नव्हती. उलट किल्ली मागितली असती तर ते दुखावले असते.

संध्याकाळी कुलपं लागली की शेठ मालकांचं कुलूप ओढून बघत आणि मालक शेठचं. दोन दोन हिसके. स्वतःचं कुलूप कोणी ओढून बघत नसे. मग दोघं पायरीवर बसून एकच पान अर्धं अर्धं खात. पान शेठनी मांडायचं, चुना मालकांनी लावायचा. सगळं एकाच्या हाती द्यायचं नाही.

मी कर्जतला गेले त्याच सुमारास ते अवाढव्य मुंबई राज्य झालं होतं. कच्छपासून नागपूरपर्यंत, मराठी, गुजराती सगळी माणसं एकाच दावणीला. ते तसंच ठेवावं की त्याचे दोन तुकडे करावेत यावर गावोगाव रणं माजली होती. आमच्याकडे ते रण गिरणीच्या पायरीवर माजे. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक वेगळ्या मराठी राज्याचे कट्टर. ते म्हणत, माणूस ज्या भाषेत रडतो त्या भाषेत त्याचा अर्ज घेतला गेला पाहिजे. शेठ म्हणत, गुरुजी, बरोबर हाय तुमचं, पन मी रडतो गुजरातीत आन भांडतो मराठीत, मला कुठं टाकाल? मुख्याध्यापक म्हणत, तुम्हाला कोण हात लावतंय? पण ते म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली येई.

गिरणीच्या इंजिनावरचे मिस्त्री पळसदरीचे. त्यांच्या घरानं नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. त्यांनी एकदा हात पुसता पुसता विचारलं, राज्य एक राहू दे नाहीतर दोन होऊ देत, गावच्या विहिरीवर आमच्या बायकांना पाणी कोणत्या राज्यात भरता येणार? मालक म्हणाले की हा एकच सवाल असा आहे ज्याच्या मागं इंजिन नाही.

स्वतः मालक कोणत्या बाजूचे ते कोणालाच कळत नसे. दोन्ही बाजूंना ते आपले वाटत नसत, आणि ते रास्तच होतं. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. आमच्या त्या भागात भावाभावांत वाटणी झाली की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, अशी जुनी रीत आहे. वाटे पाडताना थोरल्यानं लबाडी केली तर ती त्याच्याच गळ्यात येते. खालापुरापासून कर्जतपर्यंत कोणाकडे वाटणी निघाली की लोक मालकांना पंच म्हणून नेत, कारण लबाडी त्यांना लांबून वास आल्यासारखी कळे.

"वाटनीला माजी ना नाय," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. "पन वाटे पाडील त्यानं उचलायचं नाय. तितं दिल्लीत वाटे पाडनारा आन उचलनारा एकच बसलाय."

मुख्याध्यापक म्हणाले, अहो, राज्य म्हणजे काय भाताचं खाचर आहे का? मालक म्हणाले, खाचराला निदान बांध तरी दिसतो. आणि वाटणीची चटक लागते हेही ध्यानात ठेवा, आज तुम्ही वेगळे निघालात, उद्या नागपूरवाले म्हणतील आमची चूल वेगळी. आम्ही हसलो. पुढे कधी वेगळ्या विदर्भाची बातमी वाचली की मला मालकांची ती पायरी आठवे.

एके दिवशी सकाळी शेठच्या दुकानाच्या गुजराती पाटीला कोणीतरी डांबर फासलेलं निघालं. कोण ते कधी कळलं नाही. कर्जतात तोवर असलं काही झालं नव्हतं. शेठ दुकानापुढे नुसते उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ज्या गावात आपण रांगलो त्या गावाकडे माणूस परक्यासारखा बघत होता. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, पण कोणावर काढायचा ते समजेना.

मालक आले, डांबराला बोट लावलं, हुंगलं. रस्त्याच्या कामावरचं आहे म्हणाले. मग शेठच्या हातांकडे बघितलं, नखांकडे बघितलं. शेठच्या ते लक्षात आलं. "मीच माज्या तोंडाला काळं फासीन का रं?" ते म्हणाले. मालक म्हणाले की गाव सोडून जायला निमित्त लागतं. तेव्हा शेठनी उलट विचारलं की पोरांना डांबर तू तर दिलं नाहीस ना, गिरणी एकट्याची करायला? मग दोघं गिरणी उघडायला गेले, कारण गाड्या थांबल्या होत्या.

त्या दिवसापासून मालक दिवेलागणीला काठी घेऊन शेठच्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसू लागले. दुकान बंद होईपर्यंत हलत नसत. बाजारातले लोक म्हणू लागले, बघा, दोस्ताची राखण करतोय. हे मालकांच्या कानावर गेलं तसे ते भडकले. राखण कसली, शेठ स्वतःच येऊन पाटी रंगवतो का त्यावर माझी नजर आहे, असं त्यांनी भर बाजारात सांगितलं. काही का असेना, पाटीला पुन्हा कोणी हात लावला नाही.

पण शेठचं मन उडालं ते उडालंच. सुरतेहून त्यांचे मेहुणे आले. म्हणाले, राज्याचे तुकडे होणार हे आता ठरल्यातच जमा आहे, इथे कशाला राहता, तिकडे दुकान बघून ठेवलंय, गिरणीतला वाटा विका आणि या. शेठची बायको रडत होती म्हणतात. तिला जायचं होतं की नव्हतं, हे मात्र तिला कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी पायरीवर शेठ म्हणाले, "वाटनी करू."

मालक म्हणाले, "करू."

त्या संध्याकाळी पान झालं नाही. घरी आल्यावर मालक जेवले नाहीत. काकूंनी विचारलं तर म्हणाले, भाताला वास येतोय. भात त्यांच्याच खाचरातला, आंबेमोहर, मीही तोच जेवले होते.

वाटणी रीतीप्रमाणे करायची हे दोघांनी मान्य केलं आणि तिथेच घोडं अडलं. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं उचलायचे, तर थोरला कोण? दोघांनाही जन्मसाल माहीत नव्हतं आणि दोघांनाही धाकटं व्हायचं होतं. दोन पिकल्या मिशांचे म्हातारे मी लहान, मी लहान म्हणून भांडताहेत, हे दृश्य मी कर्जतच्या बाजारात पाहिलं आहे. शेवटी काकूंनी निकाल लावला. त्या म्हणाल्या, माझ्या लग्नात यांना चांगली मिशी होती आणि शेठ वऱ्हाडात होते, त्यांचं तोंड गुळगुळीत होतं. मालक काकूंवर जे तापले! मिशी हा काय पुरावा झाला, तुला कोणी शिकवलं, शेठच्या बायकोनं का? पण पंचांनी काकूंचं धरलं आणि वाटे पाडायचं काम मालकांवर आलं.

मालक त्यावर कितीतरी दिवस बसले. गिरणीच्या आवारात फेऱ्या मारत, विहिरीत वाकून बघत. मला वाटलं, या माणसाला शेठला कुठे फसवावं ते सुचत नसेल.

ठरल्या दिवशी पंच जमले, लोधिवलीचे एक वृद्ध पाटील होते, आमचे मुख्याध्यापक होते. दोन वाट्यांच्या नावानं दोन विड्याच्या पानांवर दोन सुपाऱ्या मांडल्या. मालकांनी वाटे सांगितले. पहिला वाटा, गिरणीची इमारत, इंजिन आणि सगळी यंत्रं. दुसरा वाटा, विहीर, पुढचं अंगण, कोठार आणि रस्त्यावरचं फाटक. एवढं बोलून ते रीतीप्रमाणे पाठ करून उभे राहिले, डोळ्यानं खूण नको म्हणून.

पाटील म्हणाले, हे कसले वाटे? इंजिनाला सारखं पाणी लागतं, नाहीतर तापून बसतं. विहीर दुसऱ्याची झाली तर गिरणी चालायची कशी? आणि गाडी आत यायची ती फाटकातून, म्हणजे तीही दुसऱ्याच्या परवानगीनं. विहीरवाल्याला तरी गिरणीवाचून त्या अंगणाचा काय उपयोग, गवत वाढवायला? मालक पाठमोरेच म्हणाले की वाटे बरोबरीचे आहेत, कमीजास्त असेल तर दाखवा. तसं ते खरंच दाखवता येईना. मिस्त्री दाराशी उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "आन मी कुनाच्या वाट्याला?"

शेठचा हात पहिल्या सुपारीकडे गेला. थांबला. दुसरीकडे गेला. तिथेही थांबला. गिरणी घेतली तर हा मला पाणी तोडणार. विहीर घेतली तर हा गिरणी दुसऱ्या कोणाला विकून मला अंगणात बसवणार. आणि या माणसानं आयुष्यात कधी सरळ काम केलेलं नाही, तेव्हा दोन्ही वाट्यांत आपल्याला न दिसणारं तिसरंच काही असणार. हे सगळं शेठच्या तोंडावर आम्हाला वाचता येत होतं.

"दोनीकडं मेख हाय," ते शेवटी म्हणाले. "मी इचार करून उचलतो."

मालक वळले नाहीत. "कर. घाई नाय," एवढंच म्हणाले.

पंच जेवून गेले. सुपाऱ्या दोन दिवस तशाच होत्या, मग काकूंनी कातरून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आले, दोन कुलपं निघाली आणि गिरणी सुरू झाली. थोड्याच दिवसांत राज्याचीही वाटणी झाली. आम्ही शाळेत पेढे वाटले, मुलांची लेझीम झाली, मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. घरी जाताना गिरणीवर मी मालकांना पेढा दिला. त्यांनी तो अर्धा मोडून आधी शेठना दिला, ते खाऊन नीट आहेत असं बघितलं, मग उरलेला तोंडात टाकला.

दरवर्षी दसऱ्याला मालक विचारत, उचलतोस का रं? शेठ म्हणत, इचार चाललाय. सुरतेचं दुकान मेहुण्यांनी कंटाळून दुसऱ्याला दिलं. दोघांच्या पिकल्या मिशा पार पांढऱ्या झाल्या, खोपोली-साजगावकडे कारखाने उभे राहिले, गिरणीतले हमाल तिकडे गेले, शेठचा मुलगा मुंबईला धंद्याला गेला. शेठचा विचार चालूच होता. पाटील वारले, ते मरेपर्यंत सांगत होते की असे अडाणी वाटे त्यांनी जन्मात पाहिले नाहीत. अन् तरीही मालकांइतका वाटण्यांतला जाणकार दुसरा नव्हता. हे दोन्ही एकदम खरं कसं, हा किडा माझ्या डोक्यात वळवळू लागला. संशयी माणसाच्या घरात राहून मलाही ती खोड लागलीच होती.

एकदा न राहवून मी मालकांना विचारलंच. ते दाढी करत होते. मालक, म्हटलं, तुम्ही ते वाटे मुद्दाम तसे पाडलेत ना, शेठनी जाऊ नये म्हणून? वस्तरा थांबला. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "हे तुमाला कुनी इचारायला लावलं?"

शेठ गेले ते दिवाळीनंतर, भाताच्या हंगामात. रात्री जेवून निजले ते उठलेच नाहीत. दिवसकार्य होईपर्यंत गिरणी बंद. मालक रोज सकाळी जात, आपलं कुलूप काढत, शेठच्या कुलपासमोर पायरीवर बसत, आणि संध्याकाळी आपलं कुलूप लावून परत येत. गाडीवानसुद्धा शिव्या न घालता नेरळच्या गिरणीला गेले.

कार्य आटोपल्यावर शेठचा मुलगा गिरणीवर आला. त्या दिवशी रविवार होता, मी तिथे होते, मिस्त्री होते, दोन-चार गाड्याही आल्या होत्या. मुलगा भला होता. काका, म्हणाला, आम्ही आता मुंबईचे झालो, कुठला वाटा उचलायचा ते बघू निवांत, तोवर ही तुमच्याकडे ठेवा, आणि त्यानं शेठची किल्ली मालकांच्या हातात दिली.

मालकांनी आपलं कुलूप काढलं. मग शेठच्या कुलपासमोर उभे राहिले. किल्ली तळहातावर, आणि हात पुढे जाईना. मिस्त्री म्हणाले, काढा मालक, लोक थांबलेत. मालक त्या किल्लीकडे बघत होते.

"माज्याकडं दोनी किल्ल्या?" ते म्हणाले. "मग माज्यावर नजर कोन ठेवनार?"

त्यांनी एकेकाकडे बघितलं. मुलाकडे, मिस्त्रींकडे, गाडीवानांकडे. मग माझ्याकडे.

"बाई, ही तुमी ठेवा."

मी म्हटलं, माझ्यावर भरवसा आहे तुमचा?

"नाय," ते म्हणाले. "म्हनून तर."

कुलूप मी काढलं. संध्याकाळी मीच लावलं. मालकांनी ते ओढून पाहिलं, दोन हिसके. मी निघाले, चार पावलं गेले आणि पाहिलं तर ते जागचे हलले नव्हते. आपल्या कुलपाशी उभे होते, माझ्याकडे न बघता. मला आधी कळेना. मग कळलं. मी परत गेले, त्यांचं कुलूप धरलं आणि ओढून पाहिलं. एकदा. मग पुन्हा एकदा.

तेव्हा कुठे मालक पायरीवर टेकले. शेठच्या बाजूची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती, तिथे मला बसायची खूण केली. मी उभ्या जन्मात पान खाल्लं नव्हतं. त्यांनी चुन्याची डबी आपल्या हातात धरली आणि बाकीचं सगळं सामान, पानं, कात, सुपारी, माझ्यापुढे सरकवलं.